अण्णांच्या विहिरीतला खडक रियुनियन बेटावर भेटला

अण्णांनी 35 वर्षं कोरेगाव तालुक्यात विहिरी पाडल्या. मुरूम संपला की मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक, त्याखाली काळा पाषाण, मध्येच गेरूचा तांबडा पट्टा, ही नावं आमच्या घरात रोजची. हा सगळा खडक 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हे शाळेत शिकले होते. पण तो ज्या तोंडातून बाहेर आला ते अजून धगधगतंय, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, हे फार उशिरा वाचनात आलं. आपली भूमी त्या जागेवरून उत्तरेला सरकत गेली आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी बेटांची रांग राहिली. आज त्या तोंडावर हिंदी महासागरातलं रियुनियन हे फ्रेंच बेट आहे. अण्णांचे गुडघे चालताहेत तोवर ते दाखवायचंच, असं ठरवून टाकलं.

कागदपत्रांचं आधी सांगते. बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. युरोपसाठी काढलेला व्हिसा तिथे चालेल असं गृहीत धरू नका, अर्ज करताना रियुनियनचं नाव स्पष्ट घाला. आम्ही मुंबई ते मॉरिशस आणि पुढे छोट्या विमानाने सें-दनी, म्हणजे रियुनियनची राजधानी, असे गेलो. ऑगस्ट महिना निवडला, कारण तिथला कोरडा हंगाम मे ते नोव्हेंबर. चक्रीवादळांच्या दिवसांत जाऊ नये. ज्वालामुखीच्या वाटेवरच्या कोमरसों विवरापाशी 1980 च्या जानेवारीत 15 दिवसांत 6,083 मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्या महाबळेश्वराला त्यासाठी अख्खा पावसाळा लागतो.

ज्वालामुखीचं नाव पितों द ला फुर्नेझ, अर्थ 'भट्टीचं शिखर'. उंची 2,632 मीटर. उद्रेकाची चिन्हं दिसली की प्रशासन आतल्या कुंडाचं फाटक बंद करतं, म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चौकशी केलीच पाहिजे. आम्हाला फाटक उघडं मिळालं, पण पहिल्या दिवशी ढगांनी परत पाठवलं. मुक्कामाच्या ठिकाणी आम्हाला 'दहापर्यंत पोचा' असं सांगितलं होतं, आणि आम्ही विश्वास ठेवला. पा द बेलकोंबच्या कड्यावर पोचलो तेव्हा समोर फक्त पांढरं. अण्णा कठड्याला धरून अर्धा तास उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बूर-म्युरा गावातून पहाटे साडेचारला गाडी काढली. ही वेळ लक्षात ठेवा. सूर्य वर येताना कड्यावर असाल तरच ज्वालामुखी दिसतो, नऊनंतर ढग चढू लागतात. कानटोपी, हातमोजे, जाड कोट, सगळं लागलं. कड्यावरून 500 हून जास्त पायऱ्या उतरल्या की थेट लाव्हावर पाय पडतो. वाट अशी नाहीच, दगडांवर रंगवलेल्या पांढऱ्या खुणा पाहत चालायचं. धुकं आलं तर जागीच थांबायचं, खूण सोडून एक पाऊल टाकायचं नाही.

पहिल्याच सपाटीवर अण्णा खाली बसले. लाव्हा दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा गोठला होता. त्यांनी त्यावर तळहात फिरवला, मग बोट एका भोकात घातलं.

"हा मांजऱ्याच की गं पोरी."

"तसाच आहे, अण्णा?"

"तसाच. फक्त आपल्याकडं ही भोकं पांढऱ्या खड्यांनी भरलेली असतात. ही अजून रिकामी आहेत. कोवळा आहे हा."

त्या खडकात हिरवट, साखरेएवढे कण चमकत होते. ऑलिव्हिन नावाचं खनिज. अण्णांनी चष्मा पुसून पुसून पाहिले. राष्ट्रीय उद्यान असल्याने एक खडाही उचलता येत नाही, म्हणून जास्त वेळ बसलो. पुढे फॉर्मिका लिओ नावाचा चिमुकला शंकू लागतो, गेरूच्या रंगाचा. वर डोलोम्यू विवराच्या काठावर वाफा दिसल्या. 2007 च्या एप्रिलमध्ये या विवराचा तळ सुमारे 300 मीटर खचला. काठाशी फार जवळ जाऊ नका, तो भुसभुशीत आहे.

जाऊन-येऊन आम्हाला सात तास लागले, सवय असलेले पाचात करतात. परतीच्या पायऱ्यांसाठी ताकद राखून ठेवा, पाणी माणशी तीन लिटर घ्या, सावली कुठेच नाही.

उरलेल्या दिवसांत सालाझीचे धबधबे पाहिले, व्हॅनिलाची बाग पाहिली. या फुलांचं परागण हाताने करायची सोपी रीत 1841 मध्ये एदमों आल्बियुस या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने इथेच शोधली. मला तर वाटतं, बेटावर त्याच्याइतकं मोठं दुसरं कोणी झालं नाही.

शेवटी समुद्रकाठच्या ग्रां ब्र्युलेत गेलो. 2007 चा लाव्हा इथे रस्ता ओलांडून समुद्रात गेला. त्यावर करडी दगडफुलं, भेगांतून नेच्याचे कोंब. अण्णांनी बाटलीतलं पाणी एका भेगेत ओतलं. ते क्षणात गडप झालं. त्यांनी उरलेलंही ओतलं, वाकून कान लावला आणि म्हणाले, "इथं विहीर नाही लागायची. पाणी थांबतच नाही अजून."