पलंगाखालची फळकुटं

फर्निचरचं काम झालं की सुतार जातो, पण फळकुटं मागे राहतात. आमच्याकडे ती पलंगाखाली गेली. 18 मिलिमीटर प्लायचे वीतभर तुकडे, 6 मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या, मोडीत निघालेल्या ड्रॉवरची एक सागवानी बाजू आणि कशालाच पुरणार नाही एवढा सनमायका. "हे टाकायचं ना?" असं कुणी विचारलं की मी "राहू दे, लागेल" म्हणायचो. कशाला लागेल, ते मलाही ठाऊक नव्हतं.

एरवी आपण वस्तू ठरवतो आणि मग सामान आणतो. इथे सगळं उलटं. तुकडा हातात असतो आणि त्याला साजेशी गरज घरभर हुडकत हिंडायचं. एक पट्टी घेऊन मी असाच हिंडत होतो, तेव्हा फ्रिजवर विखुरलेल्या चाव्या दिसल्या. पट्टीला चार हूक बसवले, पट्टी भिंतीला ठोकली. झालं! चाव्या अजूनही फ्रिजवरच असतात, तो भाग निराळा.

मग धीर वाढला आणि खोका करायला घेतला. 60 सेंटिमीटरची फळी, तिचे 20-20 चे तीन तुकडे. पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, कापलं आणि मोजलं, तर बेरीज 60 येईना. 4 मिलिमीटर गायब. ते फरशीवर भुसा होऊन पडले होते. करवतीचं पातं प्रत्येक कापात स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं, हे शाळेतल्या भागाकारात कुणी सांगितलं नव्हतं. आता मी एक तुकडा कापतो आणि मगच पुढची रेघ मारतो.

सागवानी तुकड्याने वेगळाच धडा दिला. टोकाजवळ खिळा ठोकला आणि दुसऱ्याच घावाला लाकूड रेषेरेषेने चिरत गेलं. तो बारीक 'चर्र' आवाज पोटात जातो. सुतारकाकांना फोन केला तर ते हसले. म्हणाले, "खिळ्याचं टोक आधी हातोडीने बोथट करा." मला वाटलं, थट्टा करताहेत. पण खरं आहे ते. अणकुचीदार टोक पाचरीसारखं शिरून लाकडाचे तंतू दोन्हीकडे फाकवतं. बोथट टोक ते चिरडत, तोडत आत जातं. प्लायच्या कडेची तऱ्हा आणखी नाजूक. तिथे थेट स्क्रू पिळला की थरच सुटतात. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडायचं आणि स्क्रूला थोडा साबण लावायचा.

खोका जोडला फेविकॉलने. शिकंजा नव्हता, म्हणून चहूबाजूंनी दोरी आवळली आणि वर दोन जाडजूड शब्दकोश ठेवले. दुसऱ्या दिवशी दोरी सोडून दोन्ही कर्ण मोजले. एक दुसऱ्यापेक्षा 5 मिलिमीटर जास्त! म्हणजे खोका गुण्यात नाही, कोपरे काटकोनात नाहीत. फटी होत्या, त्यांत भुसा आणि फेविकॉल कालवून भरला. पॉलिश दिल्यावर डाग उठून दिसला तो दिसलाच, कारण वाळलेल्या फेविकॉलवर पॉलिश धरत नाही. आता खोका भिंतीला पाठ लावून बसतो. कुठली बाजू दाखवायची ते त्याला आणि मला माहीत आहे.

या सगळ्यात एक काप तिरका गेला होता. ते तिकोनी फळकूट टाकणार, तेवढ्यात वाऱ्याने दार आपटलं. दाराखाली ते सरकवलं तर नेमकं बसलं! मला इतका आनंद झाला की पाचरीला 80, मग 120, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मारून ती अगदी लोण्यासारखी केली. एवढी गुळगुळीत झाली की दारासकट घसरायला लागली. मग खाली जुन्या चपलेचं रबर चिकटवलं.

आल्यागेल्याला मी खोका दाखवतो. ते तो पाहून "वा" म्हणतात आणि जाताना पायाच्या अंगठ्याने पाचर बाजूला करतात.