तुम्ही विचारलंत म्हणून: रायफल विमानात नेऊ देतात का?

नाशकात गंगापूर रोडला सकाळी चालताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कळलं की मी पॉइंट टू टू, म्हणजे .22 बोअरची रायफल, शूट करते की पुढचा प्रश्न ठरलेलाच, अहो रायफल विमानात कशी नेऊ देतात? तर नेऊ देतात, पण चेक-इन बॅगेजमध्ये, केबिनमध्ये अजिबात नाही.

तिकीट काढलं की मी लगेच एअरलाइनला फोन करते कारण परवानगी आधी लागते, आणि लायसन्स उघडून ते कुठल्या भागात चालतं तो एरिया बघते, नुसतं महाराष्ट्रापुरतं असेल तर दिल्लीच्या मॅचला त्याचा उपयोग नाही. रायफल रिकामी, बोल्ट (गोळी आत ढकलणारा खटका) काढलेला, रायफलच्या केसला कुलूप. राऊंड्स, म्हणजे काडतुसं, वेगळे, कंपनीच्या खोक्यात, आणि एका माणसाला पॅकिंगसकट 5 किलोच. पॉइंट टू टूचे 500 राऊंड पावणेदोन किलोच्या आसपास भरतात, म्हणजे मॅचपुरते भरपूर झाले, पण दोघांचे मिळून एका पेटीत 10 किलो असं चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं.

एअर रायफलवाल्या मुलांचे पालक म्हणतात आमच्याला तर लायसन्सच लागत नाही. बरोबर आहे, पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची आणि छर्रा 20 जूलच्या आतल्या ऊर्जेने सोडणारी असेल तर नाही लागत, पण एअरलाइनला सांगावं लागतंच आणि तिचा हवेचा सिलिंडर रिकामा करूनच न्या, 200 बार दाबाने भरलेला सिलिंडर कोणी घेणार नाही.

आता खरं सांगायचंय ते हे. मागच्या हिवाळ्यात ओझरहून, म्हणजे नाशिकच्या एअरपोर्टवरून, सकाळची फ्लाइट होती, रात्री शूटिंग जॅकेटची घडी घालताना खिशात काहीतरी टोचलं, बघते तर एक राऊंड, बोटाच्या पेराएवढा, आणि ते जॅकेट मी केबिन बॅगेत ठेवणार होते! हात गार पडले माझे. एक्स-रेमध्ये तो दिसला असता की थेट पोलीस. चुकून राहिलेल्या एका राऊंडवरून झालेल्या अशा केसेस हायकोर्टाने रद्द केल्यात, पण तोवर मॅच जाते, आणि चकरा मारून माणूस थकतो.

तेव्हापासून सगळ्या बॅगा पांढऱ्या चादरीवर उलट्या करते, खिसे बाहेर काढून. आणि कृपा करून येतानाही हेच करा, रेंजवरून थेट एअरपोर्ट गाठू नका, मॅच संपल्यावरच खिशात राऊंड राहून जातात.