मायल क्रीकला जाताना

मायल क्रीक म्हणजे ऑस्ट्रेलियातली १८३८च्या आदिवासी हत्याकांडाची जागा, आता तिथे स्मारक आहे. सिडनीहून ते एका दिवसात जाऊन-येऊन करायचा विचारही करू नका. टॅमवर्थला मुक्काम करा, सकाळी मनिला-बराबामार्गे बिंगारा गाठा आणि तिथून डेलुंग्राच्या रस्त्याला लागा. पंचवीसेक किलोमीटरवर स्मारक आहे. पेट्रोल, पाणी, खाणं बिंगाऱ्यातच घ्या, नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात, म्हणून उजेड असतानाच परत फिरा.

गाडी लावली की लाल वाट सुरू होते. सहाशे मीटरच असेल, पण आम्हाला तासाहून जास्त लागला. वाटेवर सात शिळा आहेत, प्रत्येकीवर गमिलराय या इथल्या आदिवासींच्या भाषेत आणि इंग्रजीत मजकूर. एकही सोडू नका, कारण हकिगत टप्प्याटप्प्याने पुढे जाते.

गमिलराय लोकांपैकी विरयाराय मंडळी १८३८ साली हेन्री डँगरच्या गुरांच्या ठाण्यावर काही आठवडे राहत होती. इंग्रज वसाहतवाल्यांच्या कळपांनी त्यांचे पाणवठे व्यापले होते आणि आसपास मारामाऱ्या चालू होत्या. इथे तरी सुरक्षित राहू, असं त्यांना वाटलं असणार. ठाण्यावरचा किल्मिस्टर हा कैदी गडी (म्हणजे ब्रिटनहून शिक्षा म्हणून पाठवलेला आणि इथे कामाला जुंपलेला) त्यांच्यात मिसळायचा, त्यांच्याबरोबर नाचायचा. १० जूनला घोड्यांवरून हत्यारबंद माणसं आली, तेव्हा किल्मिस्टर त्यांना सामील झाला; सगळे मिळून बारा. विरयाराय मंडळींतले धडधाकट पुरुष कामाला बाहेर गेले होते. मागे राहिलेल्या बायका, मुलं, म्हातारे यांना एका लांब दोरीला बांधून नेलं आणि कापून काढलं. किमान २८ जण.

अशी हत्याकांडं त्या काळात इतरत्रही झाली. इथे वेगळं घडलं ते पुढे. ठाण्याचा कारभारी हॉब्स परतला, त्याने प्रेतं पाहिली आणि वर कळवलं. मालकाने त्याला कामावरून काढलं. अँडरसन या कैदी गड्याने कोर्टात साक्ष दिली. मारेकऱ्यांच्या मागे जाऊन पाहिलेला डेव्ही मात्र आदिवासी, त्याची साक्ष तेव्हाच्या कायद्याला चालत नव्हती! पहिल्या खटल्यात ज्यूरीने पकडलेल्या अकराही जणांना काही मिनिटांत सोडलं. गव्हर्नर गिप्सच्या सरकारने दुसरा खटला चालवला आणि १८ डिसेंबर १८३८ला सात जण फासावर गेले, किल्मिस्टरही. टोळीतला एकमेव जमीनदार घराण्यातला फ्लेमिंग कधीच सापडला नाही. मला यात न्याय अर्धाच दिसतो. पुढे हत्या थांबल्या नाहीत, लपवून होऊ लागल्या.

शेवटच्या मोठ्या दगडापाशी उभं राहिलं की खाली उतार दिसतो. वाचलेल्यांचे आणि मारेकऱ्यांचे वंशज एकत्र आले आणि २००० साली हे स्मारक उभं राहिलं. २००५मध्ये कुणीतरी फलकांवरचे ‘खून’ आणि ‘बायका-मुलं’ हे शब्द खरवडून काढले होते. ते पुन्हा कोरले आहेत. ते फलक सावकाश वाचा.

डबा खायचा तर बिंगाऱ्यात परत येऊन नदीकाठी खा, स्मारकापाशी नको. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर जरूर न्या, पण काय घडलं ते गाडीतच सांगून ठेवा. उन्हाळ्यात वाटेवर सावली कमी, त्यामुळे सकाळ बरी. दरवर्षी जूनच्या लाँग वीकेंडच्या रविवारी स्मृतिसोहळा असतो, तो सगळ्यांना खुला आहे. त्या वेळी जायचं असेल तर खोली बरीच आधी घ्या आणि जाड स्वेटर ठेवा, तिथली जूनची थंडी बोचरी असते.