न थांबणाऱ्या गाडीसमोर उभे राहू नका

धुळे जिल्ह्यात मी 32 वर्षे पोलीस दलात नोकरी केली आणि त्यांतल्या कितीतरी रात्री मुंबई-आग्रा महामार्गावर, शिरपूर ते पळासनेर या पट्ट्यात नाकाबंदीवर गेल्या. आता माझा पुतण्या जळगाव जिल्ह्यात शिपाई आहे. तापीकाठी वाळूच्या गाड्या अडवायला तो रात्री जातो आणि त्याचा फोन येईपर्यंत माझा डोळा लागत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

19 जुलै 2022 रोजी हरियाणातील नूह जिल्ह्यात, तावडूजवळ, बेकायदा खाणकाम रोखण्यास गेलेले डीएसपी सुरेंदर सिंह डंपर अडवताना त्याच डंपरखाली चिरडले गेले. ती बातमी वाचली तेव्हा मला गिरणेचे वाळूघाट आठवले. चोरीची वाळू भरलेल्या चालकाला आपल्या शिट्टीपेक्षा गाडी जप्त होण्याची धास्ती मोठी असते. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर अंतर कापते, आणि ते थांबणार नाही हे उमगायलाच आपला तेवढा वेळ जातो. म्हणून बॅरिकेड नागमोडी लावावेत, वेग तिथेच मोडावा, आणि माणसाने रिफ्लेक्टर जॅकेट घालून कडेला, मागे सरकायला जागा राखून उभे राहावे.

गाडी थांबली तरी धोका संपत नाही. जवळ जाण्याआधी तिचा नंबर कंट्रोलला कळवावा, इंजिन बंद करायला आणि आतला दिवा लावायला सांगावे, चालकाचे हात स्टिअरिंगवर दिसू द्यावेत. एकाने बोलावे आणि दुसऱ्याने मागच्या बाजूने आतल्या सर्वांवर नजर ठेवावी. दोघांनीही कागदपत्रांत डोके घातले की घात होतो. चालकाच्या दाराच्या थोडे मागे उभे राहिले, तर त्याला मान वळवल्याशिवाय आपल्याकडे पाहता येत नाही आणि दार उघडून आपल्याला धक्काही देता येत नाही. मात्र आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि मागून येणारी वाहनेही त्याच बाजूने जातात, त्यामुळे महामार्गावर डाव्या खिडकीशी जाणेच मला अधिक बरे वाटते.

आणि खिडकीतून हात घालून किल्ली काढू नये. ही चूक मी स्वतः केली आहे. चालकाने गाडी पुढे दामटली, माझी बाही आत अडकली आणि मी दहा-बारा पावले फरफटत गेलो. उजवा खांदा आजही थंडीत दुखतो. बोनेटवर उडी घेणारे सहकारीही मी पाहिले आहेत. त्यांच्या धाडसाविषयी मला आदर आहे, पण ती पद्धत चुकीचीच होती. पळासनेरहून निसटून धुळ्याकडे निघालेल्या गाडीने महामार्ग सोडला नाही, तर तिला पुढे शिरपूरचा आणि सोनगीरचा टोलनाका लागतोच. वायरलेस तिच्या आधी तिथे पोहोचतो. तरीही दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडून पहिला प्रश्न येतो, "गाडी सुटलीच कशी?" या प्रश्नाच्या भीतीनेच तरुण पोरे गाडीपुढे उभी राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

परवा पहाटे पुतण्याचा फोन आला. "काका, डंपर थांबला नाही. आम्ही बाजूला झालो, नंबर कंट्रोलला दिला."

मी त्याला जेवलास का, एवढेच विचारले.