डिलिव्हरीची तारीख नक्की कुठली धरायची?

माझ्या फाईलमध्ये जितके सोनोग्राफीचे रिपोर्ट तितक्या डिलिव्हरीच्या तारखा. परवा वडगावातल्या एका मैत्रिणीचा फोन आला, "डॉक्टरनी तारीख बदलली गे, आता कुठली खरी धरायची?" तिला फोनवर अर्धा तास सांगितलं, मग म्हटलं लिहूनच टाकूया.

आमच्याकडे पहिली तारीख काढली ती सासूबाईंनी. नऊ महिने नऊ दिवस, बोटांवर मोजून, थेट गोकुळाष्टमी! मग काय, कान्हाच येणार म्हणून जाहीर. नणंद म्हणाली, थोडं लांबलं तर गौरी पण येईल की वो आई. आता डॉक्टर लोकांचा हिशोबही फार वेगळा नसतो, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने आणि सात दिवस. पण हा हिशोब जिची पाळी दर २८ दिवसांनी येते तिचा. माझी कधी पस्तीस दिवसांनी तर कधी चाळीस. पाळी लांबते म्हणजे बीज उशिरा सुटतं, म्हणजे गर्भही उशिरा राहतो, म्हणजे पोटातलं बाळ कॅलेंडरपेक्षा लहान असतं. एवढं साधं आहे पण आधी कुणी सांगितलं असेल तर शपथ.

पहिल्या स्कॅनला पाणी पिऊन बसा म्हणाले. लघवीची पिशवी भरलेली असली की सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशय नीट दिसतं म्हणे, ते बरोबर आहे, पण नंबर येईपर्यंत जीव नुसता कासावीस, बाकावर सगळ्या बायका मांडीवर मांडी घालून गप्प बसलेल्या. मध्ये आधार कार्ड द्या, फॉर्म एफ भरा, सही करा. हा गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याचा फॉर्म, भिंतीवर मुलगा-मुलगी सांगितलं जात नाही असा मोठा बोर्ड, तो बघून सासूबाईंचा कान्हा तिथल्यापुरता तरी गप्प झाला.

आत गार जेल लावलं, "उसिरु हिडीरी अक्का... बिडरी" (कन्नडात, श्वास धरा अक्का... सोडा), आणि स्क्रीनवर शेंगदाण्याएवढं काहीतरी. मॅडमनी त्याच्या डोक्याच्या टोकाला एक अधिकचं चिन्ह ठेवलं, दुसरं खाली ढुंगणाशी, मध्ये तुटक रेघ, आणि कोपऱ्यात आकडा आला, २३ मिलिमीटर. याला सीआरएल म्हणतात. २३ मिलिमीटर म्हणजे साधारण नऊ आठवडे. पाळीच्या हिशोबाने माझे दहा आठवडे तीन दिवस झालेले. मी घाबरले, वाढत नाही की काय. मॅडम म्हणाल्या ठोके छान आहेत, तारीखच पुढची आहे.

आमच्या डॉक्टरांनी मग पाळीची तारीख खोडून स्कॅनची लिहिली आणि लाल पेनाने गोल केला. नऊ ते चौदा आठवड्यांच्या मधे सात दिवसांहून जास्त फरक आला तर स्कॅनची तारीख धरतात, त्याच्या आधी पाचहून जास्त आला तरी. कारण त्या दिवसांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, आई सहा फुटी असो की चार फुटी. तर गोकुळाष्टमी गेली आणि गणपती आला.

पाचव्या महिन्यातला अॅनोमली स्कॅन (१८ ते २२ आठवड्यांत करतात तो, हृदय, पाठीचा कणा, किडन्या सगळं बघतात) तिथेही दोन-तीन दिवस इकडेतिकडे, कुणी लक्ष दिलं नाही. खरा गोंधळ आठव्या महिन्यात. ग्रोथ स्कॅनच्या रिपोर्टात तारीख आणखी बारा दिवस पुढे, म्हणजे सरळ पितृपक्षात! सासूबाईंनी देवाजवळ दिवाच लावला. माहेर खानापूरला, तिथला पाऊस तुम्हाला माहितीच आहे, आईचा रोज फोन की कधी नेऊ, आणि यांना रजा कुठल्या आठवड्यात टाकायची तेच कळेना.

डॉक्टर मात्र शांत. "तारीख बदलत नाही, लाल गोल केलाय तीच. मशीन एवढंच सांगतंय की हे बाळ साधारण अमुक आठवड्यांच्या बाळाएवढं दिसतंय." डोकं, पोट, मांडीचं हाड मोजून मशीन सरासरी काढतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत कुणाचं बाळ धष्टपुष्ट तर कुणाचं बारीक, त्यामुळे तो अंदाज दोन-तीन आठवडे सहज चुकतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: तेव्हा जर आपण तारीखच पुढे ढकलली तर बारीक बाळ कागदावर एकदम नॉर्मल दिसायला लागतं, आणि वाढ खरंच अडली असेल तर ते झाकलं जातं. म्हणून तारीख तीच ठेवून दोन आठवड्यांनी परत बोलावलं, डॉपलर करून नाळेतला रक्तप्रवाह बघितला. प्रवाह चांगला, बाळ आपल्या गतीने वाढतंय, फक्त बारीक चणीचं. आमच्या घरात जाडं कोण आहे तसं पण.

त्याच दिवशी रांगेत एक ऊसतोड टोळीतली बाई होती, पाळीची तारीख आठवत नाही आणि स्कॅन पहिलाच, तोही सातव्या महिन्यात. तिला नक्की तारीख कुठून सांगणार? म्हणून ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांनी तरी सरकारी दवाखान्यात सुरुवातीलाच जावं (दर महिन्याच्या ९ तारखेची फुकट तपासणी असते ती चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी), चौथा-पाचवा महिना लागायची वाट बघू नये.

डिलिव्हरी झाली अमावास्येला, जी कुणाच्याच यादीत नव्हती. नेमक्या तारखेला होणाऱ्या शंभरात चार-पाचच असतात.

मैत्रिणीला शेवटी सांगितलं ते तुम्हालाही सांगते, पहिला स्कॅन रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढा, ते गुळगुळीत कागदावरचे प्रिंट काही महिन्यांत पुसट होतात. आणि तायी कार्ड (आमच्या कर्नाटकात गरोदर बाईला सरकारकडून मिळतं ते नोंदीचं कार्ड) उघडून बघा. माझ्या कार्डावर पाळीचीच जुनी तारीख राहिलेली, आशाताईंना रिपोर्ट दाखवून बदलून घेतली. रात्री-अपरात्री दुसऱ्याच हॉस्पिटलला जायची वेळ आली तर तिथले डॉक्टर आधी ते कार्डच बघणार ना.