सार्कोमाची गाठ काढली, मग पाठ का दुखते?

मांडीतली सॉफ्ट टिश्यू सार्कोमाची (स्नायू, चरबी अशा मऊ भागांतल्या कॅन्सरची) गाठ काढली की पुढची काही वर्षं सगळं लक्ष छातीच्या सीटी स्कॅनवर असतं. ते बरोबरच आहे, कारण हा कॅन्सर रक्तातून पसरतो आणि बहुधा आधी फुप्फुस गाठतो. हाडात तो गेला तर उशीर होतो तो दुखण्याला भलतं नाव मिळाल्यामुळे. चमक भरली, गादी सरकली, रोज ठाण्याहून लोकलला लटकून जायचं म्हणजे कंबर धरणारच! मालिश, बाम, पट्टा यांत दोन महिने सहज जातात. झोपेतून उठवणारं, आडवं पडूनही न थांबणारं दुखणं मात्र पट्ट्याचं नव्हे.

एक्स-रे 'नॉर्मल' आला म्हणून निश्चिंत होऊ नका. मणक्यातले 30 ते 50 टक्के क्षार गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फारसं काही उमटत नाही. गाठीच्या पेशी हाड स्वतः खात नाहीत. हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना त्या कामाला जुंपतात. हाड विरघळलं की त्यात साठलेले वाढीचे घटक मोकळे होतात आणि त्यांवर गाठ आणखी पोसते.

बायोप्सी रिपोर्टवरचा उपप्रकार इथे फार महत्त्वाचा. लायोमायोसार्कोमा, अँजिओसार्कोमा, अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा हे हाडात जाऊ शकतात. मिक्सॉइड लायपोसार्कोमाची चाल तर निराळीच. फुप्फुस स्वच्छ ठेवून तो थेट मणक्याच्या हाडातल्या मज्जेत बसतो. बोन स्कॅन नवं हाड तयार होताना दाखवतो, आणि इथे ते होतच नाही. पेट स्कॅन साखर ओढणाऱ्या पेशी दाखवतो, पण हा साखर कमी ओढत असल्यामुळे त्यावरही निसटतो. या प्रकारात संपूर्ण मणक्याचा एमआरआयच हवा. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला किंवा त्यांच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात दाखवायला जाताना म्हणूनच फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका. मूळ लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. उपप्रकार तिथे पुन्हा तपासता येतो.

आयुष्याचा हिशेब स्पष्टच सांगायला हवा. अमेरिकेतल्या आकडेवारीत रोग जागच्या जागी असताना पाच वर्षं जगणारे 80 टक्क्यांच्या आसपास असतात, दूर पसरल्यावर साधारण 15 टक्के. फुप्फुस आणि हाड दोन्हीकडे असेल तर चित्र अधिक वाईट. एकाच हाडात एकच डाग (कॅन्सरने धरलेली जागा) असेल आणि तो काढता किंवा रेडिएशनने शेकता आला तर जरा बरं. पण आकड्याइतकंच महत्त्व रुग्ण चालता राहतो का याला आहे. मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केमो झेपत नाही.

म्हणून हाड मोडायच्या आधीच त्यात आधाराचा रॉड टाकायचा का, हे मिरेल्स गुणांवरून ठरवतात. जागा, दुखणं, डागाचा प्रकार आणि आकार, प्रत्येकाला 1 ते 3. खुब्याजवळचा डाग (3), पाऊल टाकताना कळ (3), पोखरलेलं हाड (3), जाडीचा निम्मा भाग व्यापलेला (2): बेरीज 11. नऊ किंवा जास्त म्हणजे आधीच रॉड. जखम भरली की त्या भागाला रेडिएशन. नुसत्या दुखण्यासाठी 8 ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोसही पुरतो. मिक्सॉइड लायपोसार्कोमा तर रेडिएशनला चांगलाच दबतो.

पाय जड पडणं, मांड्यांमध्ये बधिरपणा, लघवी अडणं: यात पुढच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी इमर्जन्सीत, आणि 24 तासांत एमआरआय. मज्जारज्जू दाबला गेल्यावर उपचार सुरू होताना जो चालत असतो, तोच पुढेही चालण्याची शक्यता जास्त. अशा वेळी खड्ड्यांतून रिक्षा नको. अँब्युलन्समध्ये सपाट झोपवून न्या.

हाड टिकवण्यासाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड 4 मिलिग्रॅम शिरेतून, किमान 15 मिनिटांत, किंवा डेनोसुमॅब 120 मिलिग्रॅम कातडीखाली दर चार आठवड्यांनी देतात. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासा. किडलेली दाढ काढायची असेल तर इंजेक्शनच्या आधी काढून जखम भरू द्या. नंतर काढली तर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन्‌महिने चिघळू शकतं.