देबार्कच्या खिडकीपासून सिमियनच्या कड्यापर्यंत

सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसाला इथिओपियातल्या सिमियन राष्ट्रीय उद्यानाची एक अट पचायला जड जाते. तिथे एकट्यानं फिरायचं नाही. सोबत उद्यानाचा स्काउट हवाच, आणि त्याच्या खांद्याला बंदूक असते. टॉर्च घेऊन रात्रीबेरात्री राजगड चढणाऱ्यांना हे फार वाटतं. जायच्या आधी मलाही वाटत होतं.

मी आणि माझा जुना ट्रेकमित्र 2019 च्या डिसेंबरात तिकडे गेलो ते खडकासाठी. मित्र कॉलेजात भूगोल शिकवतो. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. इथिओपियाच्या पठारावरचा साधारण 3 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्यापेक्षा निम्म्या वयाचा, आणि उंचीला कितीतरी जास्त. लाव्ह्याचे तसेच थरावर थर, तसेच तुटलेले कडे. सिमियन 1978 सालीच जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्या यादीच्या अगदी पहिल्या बारा नावांमध्ये. लालिबेलाची खडकात कोरलेली चर्चही त्याच बारांत. मित्राचा हेका होता की कोकणकडा पाहिलेल्या माणसानं सिमियन पाहायलाच हवं.

सगळ्यात आधी यलो फीव्हरची लस. ही कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. ठरावीक सरकारमान्य केंद्रांवर, ठरावीक वारी, पासपोर्ट दाखवून घ्यावी लागते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, त्यामुळे माणसं जमेपर्यंत बसवून ठेवतात. प्रमाणपत्र लागू होतं ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकून चालत नाही. लस टोचल्यावर मिळते ती पिवळी पुस्तिका पासपोर्टाइतकीच जपायची. तिच्याशिवाय परत आलात तर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ई-व्हिसाचं काम मात्र झटपट झालं. फोटो, पासपोर्टची प्रत, कार्डानं पैसे, की ईमेलवर कागद हजर.

मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे. तिथून देशांतर्गत विमानानं गोंडर. हे 1636 मध्ये फासिलिदस राजानं वसवलेलं राजधानीचं शहर, आणि त्याचा तटबंदीतला राजवाडा, फासिल गेब्बी, हाही जागतिक वारसा. आम्ही तिथे एकच दिवस ठेवला होता. तो कमी पडला. वाड्याच्या दगडी बुरुजांपुढे उभं राहून मित्र म्हणाला, "इथे गोव्याचा हात दिसतो." ते अगदीच हवेतलं नव्हतं. फासिलिदसच्या आधीच्या काळात इथे आलेले जेझुइट पाद्री गोव्याहून यायचे. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पेरो पाएझ 1603 मध्ये इथे पोचला. फासिलिदसनं पुढे या पाद्र्यांना देशाबाहेर काढलं, पण गोंडरच्या बांधणीत भारतीय आणि अरबी वळण असल्याचं जाणकारही नोंदवतात. देब्रे बिरहान सेलासी चर्चच्या छतावर ओळीनं रंगवलेले देवदूतांचे चेहरे आहेत, सगळे डोळे वटारून खाली बघणारे. मान दुखेपर्यंत पाहिले.

गोंडरहून साधारण 100 किलोमीटरवर देबार्क. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,800 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646. म्हणजे गाडीतून उतरतानाच आपण कळसूबाईच्या हजारेक मीटर वर असतो. पिशवी उचलून दहा पावलं गेलो आणि धाप लागली.

खरी प्रक्रिया इथून सुरू होते. गावातच उद्यानाचं कार्यालय आहे. एका खिडकीवर प्रवेश शुल्क आणि मुक्कामाचे पैसे, मग स्काउटची नेमणूक, मग खेचरं आणि खेचरवाला. गाइड आणि स्वयंपाकी हवा असेल तर तो वेगळा. स्काउट आणि खेचरवाले पाळीनं येतात. अमुकच माणूस द्या म्हणून चालत नाही. दर ठरलेले, लिहून लावलेले. मी घासाघीस करायच्या तयारीत गेलो होतो, तिला वावच नव्हता. हातात पावती आली तिच्यावर साल 2012. इथिओपियाची कालगणना आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालते आणि तिला तेरा महिने असतात. आमचा डिसेंबर त्यांचा तहसास होता. वेळेचंही तसंच. दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे आपले सात म्हणजे त्यांचा एक. खेचरवाल्यानं "उद्या एक वाजता" असं सांगितलं तेव्हा गाइडनं लगेच खुलासा केला, हबेशा म्हणजे इथली वेळ, फरंजी म्हणजे परदेशी नाही. पुढे प्रत्येक वेळेला आम्ही तेवढं विचारून घ्यायचो.

जेवणाची काळजी घरच्यांना फार होती, मी शाकाहारी म्हणून. पण ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा नाताळ 7 जानेवारीला, आणि त्याआधी चाळीसेक दिवसांचा उपास. त्यात मांस, दूध, अंडी सगळं वर्ज्य. शिवाय एरवीही बुधवार-शुक्रवार उपासच. त्यामुळे देबार्कमध्ये जिथे बसू तिथे डाळी, भाज्या आणि शिरो. शिरो म्हणजे सरळ पिठलंच, फक्त बर्बेरेचा मसाला घातलेलं, आणि भाकरीच्या जागी टेफ या बारीक धान्याच्या पिठाची आंबट, जाळीदार इंजेरा. पहिला घास आंबट लागला. दुसऱ्या दिवशी आपण होऊन मागत होतो.

संकाबेरच्या तळावरून चालायला लागलो. आमचा स्काउट पन्नाशीचा असावा. पायात प्लॅस्टिकचे सँडल, अंगाभोवती घोंगडी, खांद्याला जुनी रायफल. इंग्रजी शून्य. आम्ही चढाला घाई केली की एवढंच म्हणायचा, "कस बे कस." हळूहळू. चार हजार मीटरच्या आसपास हा सल्ला दुसऱ्यांदा द्यावा लागत नाही.

गेलाडा भेटले ते वाटेवरच. शे-दीडशेचा कळप, सगळे बसून दोन्ही हातांनी गवत उपटतायत. ही जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगणारी माकडं फक्त इथिओपियाच्या डोंगरांत आहेत. नरांच्या मानेवर आयाळ आणि छातीवर लालभडक उघडी कातडी. आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी ती कड्यावरून खाली उतरून कपारींत झोपायला जातात, रात्रीच्या शिकाऱ्यांपासून सुरक्षित. माथेरानच्या माकडांनी हातातला वडा पळवलेल्या मला हे अलिप्तपण फार आवडलं.

गीचच्या पठारावर पोचेपर्यंत वाटेत बरंच काही दिसलं: माणसाहून उंच लोबेलिया, दाढीसारखं शेवाळ लोंबणारे एरिकाचे वृक्ष, आणि काही उतारांवर काळी पडलेली झुडपं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथे मोठा वणवा लागला होता. तो विझवायला इस्रायलहून पथक आलं होतं. पठारावर मोकळ्या जागाही होत्या, आणि तिथे पूर्वी गाव होतं. 1996 मध्ये सिमियन धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं गेलं. वालिया आयबेक्स या फक्त इथेच असणाऱ्या रानबकऱ्यांची संख्या घसरत होती, शेती आणि चराई आत सरकत होती, रस्ता उद्यानातून जात होता. 2016 मध्ये गीचमधली चारशेहून जास्त कुटुंबं देबार्कला हलवली, आणि 2017 मध्ये सिमियन त्या यादीतून बाहेर आलं.

आमचा खेचरवाला त्याच गावचा निघाला. गाइडनं दुभाष्याचं काम केलं. घर मिळालं, भरपाई मिळाली, मुलं शाळेत जातात, असं त्यानं सांगितलं. जमीन मात्र राहिली नाही, म्हणून खेचरं. तक्रारीचा सूर नव्हता, आनंदाचाही नव्हता. धरणग्रस्तांच्या वसाहती पाहिलेल्या मराठी माणसाला यापुढचं विचारायची गरज पडत नाही. कार्यालयातली पाळीची पद्धत मला तिथे कळली. आम्ही स्वतःचं सामान स्वतः वाहून नेलं असतं तर त्याचा तो आठवडा कोरडा गेला असता.

इमेत गोगो, 3,926 मीटर. एक अरुंद सोंड दरीत घुसते आणि तिन्ही बाजूंना जमीनच संपते. खाली सुळके, त्यांच्या खाली आणखी सुळके. मित्रानं कड्याच्या थरांकडे बोट करून एक-एक लाव्ह्याचा प्रवाह मोजायला सुरुवात केली. स्काउट शांतपणे बंदूक आडवी ठेवून बसला आणि त्यानं दोघांच्याही जॅकेटला मागून धरलं, बहुधा आम्ही वाकत होतो म्हणून.

गीचच्या रात्री पारा शून्याखाली गेला. पाण्याच्या बाटल्या झोपण्याच्या पिशवीत घेतल्या, तरी एक गोठली. पुढे चेनेकला वालिया दिसले, पाच-सहा, मागे वळलेल्या शिंगांचा एक मोठा नर त्यांत. 4,430 मीटरच्या ब्वाहितवर मित्राचं डोकं जोरात दुखायला लागलं. गाइडनं क्षणभरही विचार न करता सगळ्यांना खाली वळवलं. इथिओपियाचं सर्वांत उंच शिखर रास दाशेन आमच्या यादीत होतं, ते तिथेच राहिलं.

उतरल्यावर हिशेब. बक्षिसी स्काउटला, खेचरवाल्याला आणि स्वयंपाक्याला ज्याच्या-त्याच्या हातात द्यायची, असं गाइडनं आधीच सांगितलं होतं. ते काटेकोर पाळावं. त्यासाठी बिर या तिथल्या चलनाच्या सुट्या नोटा गोंडरलाच करून घ्याव्या, देबार्कमध्ये मोड मिळणं कठीण.

अलीकडे बरेच जण हा मार्ग विचारतात. नोव्हेंबर 2020 मध्ये शेजारच्या टिग्रायमध्ये युद्ध सुरू झालं, आणि ऑगस्ट 2023 पासून सिमियन ज्यात येतं त्या अम्हारा प्रदेशातच सैन्य आणि सशस्त्र गटांची लढाई पेटली. देबार्कची खिडकी उघडी आहे का, हे इथे बसून सांगता येत नाही. तिकीट काढण्याआधी भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा आणि गोंडरमधल्या एखाद्या गाइडला फोन करा. पिवळी पुस्तिका आता जन्मभर चालते, तेवढं काम आजही करून ठेवता येईल.